गाडीचा ईसीएम बदलायचाय? आधी मीटर काढा, मग पाना

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा माझी जुनी पेट्रोल हॅचबॅक बिल्डिंगखाली पार्किंगमध्येच होती. पाणी सीटच्या गादीपर्यंत आलं होतं. विम्यातून साफसफाई झाली, कार्पेट वाळलं, गाडी सुरू झाली आणि चार महिने कुरकुर न करता चालली. डिसेंबरात चालता चालता बंद पडायला लागली. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. एका गॅरेजात स्कॅनर लावला, कधी जोडला जायचा, कधी नाही. निदान लगेच निघालं: "पुरात भिजलेली गाडी, कॉम्प्युटर गेलाय." मी जुन्या बाजारातून दुसरा ईसीएम, म्हणजे हाच कॉम्प्युटर, आणला, चावी जुळवून घेतली, बसवला. आठवड्याभरात गाडी पुन्हा तशीच बंद.

शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "बंद पडते तेव्हा एसीचा ब्लोअर कितीवर असतो?" मी कधी लक्षच दिलं नव्हतं. त्याने मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी ईसीएमच्या अर्थच्या वायरला, गाडी चालू करून ब्लोअर चारवर टाकला. मीटरवर १.४ व्होल्ट. डाव्या बाजूला कार्पेटखाली, दाराच्या खांबाजवळ अर्थिंगचा बोल्ट होता. पुराच्या पाण्याने त्याच्याखाली गंजाची पापडी धरली होती. बोल्ट काढला, पॉलिश पेपर मारला, परत आवळला. मीटरवर ०.०३. "ह्यो मेलाच नव्हता ओ," तो जुन्या ईसीएमकडे बघून म्हणाला.

तो ईसीएम आजही माझ्या कपाटात चालू स्थितीत पडून आहे. म्हणून या लेखाचा निम्मा भाग बदलण्याआधीच्या तपासणीचा आहे. प्रत्यक्ष बदलणं वीस मिनिटांचं काम आहे. त्याच्या आधी आणि नंतर जे करावं लागतं त्यातच पैसे वाचतात किंवा बुडतात.

संशय कधी घ्यायचा

ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. कोणी ईसीयू म्हणतं, वस्तू तीच. हवा किती आली, ॲक्सिलरेटर किती दाबला, इंजिन किती तापलं हे सेन्सरकडून ऐकायचं आणि इंजेक्टर किती वेळ उघडायचा, ठिणगी कधी पाडायची हे ठरवायचं, हे त्याचं काम. ॲल्युमिनियमच्या पेटीत बंद असतो, आत हलणारं काही नाही. त्यामुळे तो आपणहून मरण्याचं प्रमाण फार कमी. बहुधा त्याला कोणीतरी मारतं: पाणी, उंदीर, उलटी जोडलेली जंप स्टार्टची केबल, बॅटरी न काढता केलेलं वेल्डिंग, शॉर्ट झालेली कॉइल, किंवा सीएनजी किट बसवताना वायर सोलून मारलेले जोड.

स्विच ऑन केल्यावर, सेल्फ मारण्याआधी, चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे. ज्या गाड्यांत या दिव्याची वायर थेट ईसीएमकडून येते, तिथे दिवाच लागत नसेल तर ईसीएमला करंट मिळत नाही किंवा तो गेलाय. नव्या गाड्यांत मीटर कन्सोल स्वतःच दिवा लावू शकतो, त्यामुळे तिथे या खुणेवर विसंबू नका. दुसरी खूण: स्कॅनरला एबीएस, एअरबॅग सगळे सापडतात, पण इंजिन सापडत नाही. तिसरी खूण कोडची, म्हणजे स्कॅनरवर दिसणाऱ्या दोषाच्या नंबरची. पी०६०१, पी०६०४, पी०६०५, पी०६०६ हे ईसीएमच्या आतल्या मेमरीचे आणि प्रोसेसरचे कोड आहेत. पी०६०३ मात्र फसवा. तो मेमरी पुसली गेल्याचा कोड आहे, आणि बॅटरीचं टर्मिनल सैल असलं तरी येतो. यू०१०० म्हणजे बाकीच्या मॉड्यूलना (एबीएस, एअरबॅग यांच्या कॉम्प्युटरना) ईसीएमचा आवाज ऐकू येत नाही. तो का येत नाही, हे त्या कोडवरून कळत नाही. वायर तुटली असेल, फ्यूज उडाला असेल, काहीही.

ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर कोड वाचायला पुरेसा आहे. प्रोग्रामिंग मात्र त्याच्याने होत नाही, कोणी कितीही सांगो.

मीटर घेऊन तपासणी

क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवात बॅटरीपासूनच करायची, मग ती कालच बदललेली असली तरी. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली नको, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू गाडीत पंधराच्या वर दिसत असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय, आणि तो नव्या ईसीएमचाही घास घेईल.

मग फ्यूज. नुसते डोळ्यांनी बघू नका, दोन्ही टोकांना मीटर लावा. केसाएवढी चीर दिसत नाही.

मग ईसीएमचा सप्लाय. इथे बहुतेक जण चुकतात, कारण मीटर खोटं समाधान देतो. दहा तारांपैकी नऊ तुटलेल्या वायरलाही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याला दोन वायरी जोडा. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. ईसीएमचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढा, वायरिंग डायग्रामवरून सप्लायची पिन शोधा आणि तिथून बल्ब पेटवा. लख्ख पेटला तर वायर चांगली. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी गंज किंवा सैल जोड आहे. दोन गोष्टी सांभाळा. हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर लावायचा, सेन्सरच्या वायरींवर चुकूनही नाही. आणि पिनेत मीटरची जाड सुई खुपसू नका. आतला पत्रा पसरतो, आणि मग तुम्हीच एक नवा सैल जोड तयार केलेला असतो.

इथे एक गंमत आहे. पुष्कळ गाड्यांत मेन रिले (ईसीएमला सप्लाय देणारा स्विच) ईसीएम स्वतःच ओढतो. कपलर काढल्यावर रिले ओढणाराच गायब, त्यामुळे त्या पिनेवर काहीच येणार नाही. ते बघून "सप्लाय नाही" असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत. तो सप्लाय तपासायचा तर रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये फ्यूज घातलेल्या वायरने पूल करावा लागतो.

अर्थिंग तपासायची रीत वर आलीच आहे: कपलर जोडलेला, इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू. बॅटरी निगेटिव्ह आणि ईसीएमच्या अर्थची पिन यांच्यात ०.१ व्होल्टच्या आत फरक हवा. कपलरच्या मागून, वायरीच्या रबरी सीलच्या कडेने बारीक टाचणी सरकवून मोजायचं. वायर टोचायची नाही. टोचलेल्या जागी पुढच्या पावसाळ्यात हिरवं बुरशीसारखं धरतं.

यानंतर पाच व्होल्ट. ईसीएम सेन्सरना मोजमापासाठी पाच व्होल्टचा सप्लाय देतो, आणि एका लाइनवर दोन-तीन सेन्सर असतात. त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला तरी सगळी लाइन खाली बसते, गाडी बंद पडते आणि दोष ईसीएमवर जातो. पी०६४१ किंवा पी०६५१ दिसला तर हाच संशय आधी घ्या. स्विच ऑन ठेवून मीटर त्या लाइनवर लावा आणि सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जा. मॅप सेन्सर, थ्रॉटल, पेडल, एसीचा प्रेशर सेन्सर. ज्याचा कपलर काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, तो चोर. सगळे काढूनही पाच येत नाहीत, तर हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) ती वायर कुठे बॉडीला घासली आहे का ते बघा. तेही नसेल तर ईसीएमवरचा संशय आता खरा धरायला हरकत नाही.

स्कॅनर जोडलाच जात नसेल तर स्टिअरिंगखालचा १६ पिनांचा सॉकेट बघा. १६ नंबरला बॅटरीचे बारा व्होल्ट, ४ आणि ५ला अर्थ हवा. कॅन (मॉड्यूलना एकमेकांशी बोलायची दोन वायरींची लाइन) असलेल्या गाडीत बॅटरी काढून ६ आणि १४ यांच्यात ओहम मोजा. साठ आले तर लाइन शाबूत. एकशेवीस आले तर दोनपैकी एक टोक (तिथला रेझिस्टर) तुटलंय. पण एक टोक बहुतेक वेळा ईसीएमच्या आतच असतं, त्यामुळे ईसीएम काढलेला असताना एकशेवीस येणं बरोबरच आहे.

हे सगळं पार पडलं, सप्लाय आहे, अर्थ आहे, वायरी शाबूत आहेत, तरी ईसीएम बोलत नाही किंवा एकाच कॉइलला, एकाच इंजेक्टरला सिग्नल देत नाही, तेव्हाच तो गेला म्हणायचं. आणि तेव्हा लगेच दुसरा प्रश्न: कोणी मारला? एका सिलिंडरचा सिग्नल गेला असेल तर त्याची कॉइल आणि इंजेक्टर मोजल्याशिवाय नवा ईसीएम जोडू नका. साध्या पेट्रोल इंजेक्टरचा रेझिस्टन्स बहुधा १२ ते १६ ओहमच्या दरम्यान असतो. दोन-तीन ओहम दाखवणारा इंजेक्टर नव्या ईसीएमचा तोच ट्रान्झिस्टर जाळेल. कॉइलचा आकडा गाडीनुसार बदलतो, तेव्हा बाकीच्या कॉइलशी ताडून बघा.

भिजलेल्या ईसीएमचं थोडं वेगळं. नुसत्या पाण्याने तो लगेच जात नाही. पाणी आणि बॅटरीचा करंट एकत्र आले की पॉझिटिव्हच्या पिना अक्षरशः विरघळतात. म्हणून गाडी पाण्यात गेली तर पहिलं काम बॅटरीचं टर्मिनल काढणं, आणि सेल्फ अजिबात न मारणं. कपलर उघडल्यावर हिरवट-निळसर पूड दिसली, एखादी पिन निम्मीच उरलेली दिसली, तर ईसीएमबरोबर कपलरचाही निकाल लागलाय. नुसता ईसीएम बदलून भागणार नाही.

कुठून आणायचा

पेटीवरच्या स्टिकरचा फोटो काढा. सुझुकीच्या ईसीएमचा पार्ट नंबर ३३९२०ने सुरू होतो, होंडाचा ३७८२०ने, टोयोटाचा बहुधा ८९६६१ने. बॉशच्या पेट्रोल ईसीएमवर ०२६१ आणि डिझेलवर ०२८१ने सुरू होणारा त्यांचा स्वतःचा नंबरही असतो. पुढचा सगळा नंबर, शेवटच्या अक्षरासकट, जुळला पाहिजे. "सेम गाडीचा आहे, चालेल" हे वाक्य दुकानात ऐकलं की हात मागे घ्या. त्याच मॉडेलची मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक, एसीची आणि बिनएसीची, बीएस-४ आणि बीएस-६, सगळ्यांचे ईसीएम वेगळे असू शकतात आणि कपलर मात्र गोडीगुलाबीने बसतात.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नवा घेतला तर महाग, पण चावी जुळवणं आणि प्रोग्रामिंग त्यांच्या गळ्यात पडतं. त्यासाठी आरसी आणि मालकाचं ओळखपत्र मागतात, ते योग्यच आहे. गाडी वॉरंटीत असेल, किंवा बीएस-६ असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: इथेच जा. नव्या गाड्यांचं सॉफ्टवेअर इतकं कुलूपबंद आहे की बाहेरच्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

दुरुस्ती हा मला सगळ्यात आवडणारा मार्ग. बोर्डवरचा एखादा ट्रान्झिस्टर, फुगलेला कपॅसिटर किंवा तडकलेला सोल्डर एवढाच दोष असेल तर चांगला माणूस तो बदलून देतो, आणि ईसीएम तुमचाच राहिल्यामुळे चावी जुळवायची भानगड उरत नाही. द्यायच्या आधी पेटीवर न पुसली जाणारी खूण करा.

जुना ईसीएम मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, दिल्लीत मायापुरीत, आणि मोठ्या शहरांच्या भंगार बाजारांत मिळतो. पक्कं बिल घ्या. बिल देत नसेल तर ती वस्तू कुठून आली असेल याचा विचार करा. जुना घेताना खरी अडचण इमोबिलायझरची.

चावीचं लफडं

चावीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते. स्विच ऑन केला की इमोबिलायझर ती वाचतो आणि ईसीएमशी आतल्या आत ओळख पटवतो. मारुतीत याच यंत्रणेला आयकॅट्स म्हणतात. दुसऱ्या गाडीचा ईसीएम तुमची चावी ओळखत नाही. सेल्फ फिरतो, किंवा गाडी क्षणभर पेटते आणि विझते, आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत राहतो. इथे लोक घाबरून "हा पण खराब निघाला" म्हणून परत करायला धावतात.

मार्ग तीन. एक, बाजारात ईसीएम, इमोबिलायझर आणि चावीची चिप असा एकाच गाडीचा सेट मागायचा. दोन, जुन्या ईसीएमच्या मेमरीतला डेटा काढून नव्यात उतरवायचा, याला क्लोनिंग म्हणतात. जुन्याची मेमरी वाचता येत असेल तर हाच सगळ्यात स्वच्छ मार्ग, गाडीला बदल कळतसुद्धा नाही. तीन, सिक्युरिटी पिन घेऊन सर्व्हिस सेंटर किंवा चावीवाल्याकडून जुळवून घ्यायचं. ज्या गाडीचा ईसीएम दुसऱ्या चावीशी कायमचा बांधला जातो, तिथे तिसरा मार्ग बंद. जाताना घरातल्या सगळ्या चाव्या न्या. बऱ्याच गाड्यांत नवी जुळणी करताना आधीच्या सगळ्या चाव्या पुसल्या जातात, आणि घरी राहिलेली चावी फक्त दार उघडण्यापुरती उरते.

चौथा मार्गही बाजारात सांगतात: "इमो ऑफ करून देतो." सॉफ्टवेअरमधून कुलूपच काढून टाकायचं. मी करत नाही. उद्या गाडी चोरीला गेली तर विम्याच्या सर्व्हेअरसमोर काय बोलणार?

विम्यावरून आठवलं. पुराचा किंवा उंदराचा क्लेम करायचा असेल तर आधी कंपनीला कळवा, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत जुना ईसीएम जागेवरच राहू द्या.

प्रत्यक्ष बदलणं

काढण्याआधी स्कॅनरने सगळे कोड आणि चासी नंबर उतरवून ठेवा, जोडला जात असेल तर. डिझेल गाडी असेल तर प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेल्या कोडचा सिलिंडरप्रमाणे फोटो काढा. नव्या ईसीएममध्ये ते भरावे लागतात, नाहीतर गाडी चालते पण खडखडते आणि धूर सोडते. डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्यातल्या राखेचा हिशेबही जुन्यातून नव्यात न्यायचा असतो.

स्विच ऑफ, चावी बाहेर, बॅटरीचं निगेटिव्ह काढा. दहा मिनिटं चहा प्या. ही थट्टा नाही. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये चार्ज साठलेला असतो, आणि ईसीएम ग्लव्ह बॉक्सच्या मागे असेल तर तुम्ही एअरबॅगच्या वायरींशेजारीच हात घालणार आहात. पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका.

ईसीएम कुठे असतो हे गाडीवर आहे: बॉनेटखाली बॅटरीशेजारी, पुढच्या काचेखालच्या खोबणीत, किंवा पायाशी. काचेखाली असेल तर तिथल्या पाणी जाण्याच्या भोकात पानं अडकली आहेत का बघा. आंब्याखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत हाच मारेकरी असतो.

कपलरला ओढायची गरज नसते. बहुतेकांना एक प्लास्टिकची कडी असते, खटका दाबून ती फिरवली की कपलर आपोआप वर येतो. वायर धरून ओढणं, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं, दोन्ही नको. मग बहुधा दहाच्या पान्याचे तीन-चार बोल्ट. रबरी बुश हरवू नका, इंजिनचा हादरा तेच झेलतात. नवा हातात घेण्याआधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते, आणि पिनांना बोट लावू नका.

कपलरच्या आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. ग्रीस थापू नका. प्रत्येक पिन सरळ आहे का हे टॉर्चने बघा, कारण एक वाकडी पिन कडी दाबताना कायमची मोडते. बसवल्यावर वायरिंगचा जुडगा आधी खाली उतरून मग ईसीएमकडे वर चढेल असा बांधा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी कपलरमध्ये न जाता खाली ठिबकेल.

पहिला स्विच ऑन

बॅटरी जोडा, स्विच ऑन करा, पण सेल्फ मारू नका. चेक लाइट लागला? पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद गुणगुणला? चावीचा दिवा लागून विझला? स्कॅनर जोडला गेला? चारही उत्तरं "हो" असतील तरच पुढे.

प्रोग्रामिंग करायचं असेल तर बॅटरीला चार्जर किंवा सपोर्ट लावूनच. सॉफ्टवेअर चढत असताना व्होल्टेज पडलं तर ईसीएम अर्धवट लिहिला जातो, आणि त्याला उठवणं हे वेगळं, महागडं काम होतं. तेवढा वेळ हेडलाइट, ब्लोअर, म्युझिक सगळं बंद, आणि मेकॅनिकला दार सारखं उघड-बंद करू देऊ नका.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलिंग वरखाली होईल. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांना बंद थ्रॉटलची जागा शिकवावी लागते. त्याची पद्धत मॉडेलनुसार वेगळी, ती स्कॅनरमधून किंवा मॅन्युअलमधून बघा. तोवर ॲक्सिलरेटर दाबून "साफ" करायला जाऊ नका. एसी बंद ठेवून इंजिन पूर्ण तापेपर्यंत, फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत, तसंच चालू द्या. मग कोड पुसा आणि वीसेक किलोमीटर फिरवून आणा: थोडं गावात, थोडं हायवेला. परत आल्यावर पुन्हा स्कॅन.

सीएनजी किट असेल तर पहिले दोन दिवस पेट्रोलवरच चालवा. किटचा ईसीयू वेगळा असतो आणि तो इंजेक्टरच्या वायरी मध्येच कापून बसलेला असतो. दोन्ही एकदम सुरू केले तर मिसिंग कोणाचं हे कळत नाही.

आणि त्या वीस किलोमीटरमध्ये हेडलाइट चालू ठेवा, काचा वरखाली करा, ब्लोअर चारवर टाका.